गारांचं आईस्क्रीम

आईस्क्रीम करायला दुधाखालोखाल काय लागतं, असं पोरांना विचारलं तर सगळी साखर म्हणतात. लागतं ते मीठ. तेही चिमूटभर नव्हे, चांगलं किलोभर, आणि खड्याचं. यंदा मे महिन्यात नातवंडं पुण्याहून आली तेव्हा थोरल्या नातीनं मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि मला म्हणाली, "आजोबा, किलोभर खडे मीठ आणून द्या. आम्ही आईस्क्रीम करणार आहोत." मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काय तात्या, लोणचं घालताय वाटतं?" म्हटलं, "न्हाई बाबा, आईस्क्रीम करायचं हाय." तो माझ्याकडं बघतच राह्यला.

पोरांची रीत अशी होती. जाड प्लास्टिकची लहान पिशवी घ्यायची, दाबून तोंड बंद होतं तसली. तिच्यात कपभर गार दूध, दोन चमचे साखर, वेलचीची पूड. आतली हवा काढून तोंड घट्ट दाबायचं. मग तसलीच एक मोठी पिशवी. तिच्यात अर्ध्यापर्यंत बर्फ आणि वर पाच-सहा चमचे मीठ. लहान पिशवी मोठीच्या पोटात घालायची, तिचंही तोंड बंद करायचं, टॉवेलात गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं हलवत बसायचं. आमची पोरं कसली बसतात! अंगणात समोरासमोर उभी राहून ती त्या टॉवेलाच्या बोचक्याचा झेल खेळू लागली. नात मोजत होती आणि धाकटा ओरडत होता. आमची मंडळी दारातनं म्हणाली, "गोठ्याकडं जावा की. हितं तुळशीवर पडंल."

आईस्क्रीम झालं. खरोखर झालं. नातीनं पिशवी पाण्यानं धुऊन, पुसून उघडली. धाकट्याला तेवढा दम कुठला? त्यानं तशीच उघडली, बाहेरचं खारं पाणी आत गेलं आणि पहिल्या घासाला त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी हे नव्हतं ना?"

होतं. पिशवी नव्हती, मीठ होतं. बर्फाचं मात्र सांगायला वेळ लागतो.

आमच्या गावात आईस्क्रीमचा पॉट एकाच घरात होता, वाड्यावर. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव काही फार मोठं नव्हे, पण वाड्यावरल्यांचा थोरला लेक मुंबईला होता, त्यानं तो आणला होता. पॉट म्हणजे लाकडी बादली. बादलीच्या मधोमध पत्र्याचा उभा डबा. डब्यात लाकडी पंखा आणि वरनं आडवं लोखंड टाकून त्याला फिरवायचं हँडल. डब्यात आटवलेलं दूध घालायचं, डब्याभोवती बादलीत बर्फाचा एक थर आणि मिठाचा एक थर असं गच्च भरायचं आणि हँडल मारत बसायचं. पहिल्यांदा ते हलकं फिरतं. तेव्हा आम्हा बारक्यांना हाक यायची. आम्ही पाच-सहाजण दारातच उभे असायचो. पाळीपाळीनं शंभर-शंभर फेरे. अर्ध्या तासानं हँडल जड व्हायला लागलं की थोरली पोरं यायची. एकानं बादलीवर पोतं टाकून वर बसायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी फिरवायचं. आईस्क्रीम झालं का नाही हे बघायला झाकण उघडायची गरज नसायची, हाताला कळायचं.

वाटताना वाड्यातली पोरं आधी. आम्हाला हँडल मारल्याबद्दल बशीत एक-एक चमचा. पंख्याला लागलेलं चाटायला मिळालं तर त्या दिवशी आपण राजे. मी ते एकदाच चाटलंय, चव अजून जिभेवर आहे. लाकडाचा थोडा वास येतो त्याला.

आता बर्फ. तो तालुक्याच्या बर्फाच्या कारखान्यातनं यायचा. लादी फोडून तिचा पाव-अर्धा तुकडा लाकडाच्या भुश्यात घालायचा, पोत्यात बांधायचा आणि एस.टी.च्या टपावर टाकायचा. पोतं गावात येईपर्यंत टपावरनं खिडकीत पाणी गळत असायचं आणि आतली माणसं शिव्या देत असायची. निम्मा बर्फ वाटेतच जायचा. त्यामुळं आईस्क्रीम वर्षातनं एकदा, फार तर दोनदा. यात्रेला किंवा वाड्यावर पाहुणे आले तर. दूध आमच्याकडं मुबलक होतं. मीठ घरोघर होतं. साखर रेशनवर का होईना मिळत होती. अडत होतं ते बर्फावर.

हे अडणं आमच्याच गावचं नव्हतं. पुढं वाचनाचा नाद लागल्यावर ग्रंथालयातनं जे मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आलं, आईस्क्रीमचा इतिहास दुधाचा कमी आणि बर्फाचा जास्त आहे. ज्याच्याकडं बर्फ त्याच्याकडं आईस्क्रीम.

अकबर बादशहाच्या वेळी अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की बादशहाचं पिण्याचं पाणी सोऱ्यानं गार करत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तोच. पाण्यात सोरा टाकला की पाणी गार पडतं. मग बंद तोंडाची पाण्याची सुरई त्या सोऱ्याच्या पाण्यात हलवत राहायची. पुढं 1586 पासून दरबार लाहोरला असताना पहाडातनं बर्फ यायला लागला. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. एका भांड्यात दुसरं भांडं आणि हलवणारा एक नोकर. माझ्या नातवाच्या पिशवीत दुसरं काय होतं? फक्त नोकराच्या जागी नातू.

बादशहाचं सोडा. साध्या कुंभारकामातनं बर्फ करणारी माणसंही आपल्या देशात होती. रॉबर्ट बार्कर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं 1775 साली अलाहाबादकडची रीत लिहून विलायतेला कळवली. मोकळ्या रानात खड्डे घ्यायचे. त्यात ऊसाची किंवा मक्याची वाळकी ताटं वीतभर जाडीची अंथरायची. त्यावर बिनझिलईच्या मातीच्या उथळ पराती ओळीनं मांडायच्या आणि दिवस मावळताना त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं. हिवाळ्यातली रात्र निरभ्र असली, वारा नसला, की पहाटेला परातीत बर्फाची पापडी धरलेली असायची. सूर्य उगवायच्या आत माणसं टोपल्या घेऊन ती गोळा करत आणि खोल तळघरात ठासून उन्हाळ्यापर्यंत ठेवत. ऊसाच्या पाचटावर बर्फ! आमच्याकडं पाचट पेटवून देतात. मी एका जानेवारीत मळ्यात करून बघितलं, पाणी दात शिवशिवतील इतकं गार झालं, पापडी काही धरली नाही. आमच्याकडं तेवढं हिव पडत नाही.

मग आला अमेरिकेचा बर्फ. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी. त्याच्या मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात. शेतकरी ऊस तोडतो तसा हा माणूस तळ्यातला बर्फ करवतीनं कापून घ्यायचा आणि उष्ण देशांत नेऊन विकायचा. लोक त्याला आधी वेडा म्हणाले. 1833 साली त्यानं 'टस्कनी' नावाच्या जहाजातनं 180 टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, मधे दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी शंभरेक टन बर्फ कलकत्त्याच्या धक्क्याला लागला. त्यातली युक्ती काय, तर लाकडाचा भुसा आणि गच्च रचलेल्या चौकोनी लाद्या. आमच्या एस.टी.च्या टपावर होता तोच भुसा! फरक एवढाच की त्याचं चार महिन्यांत निम्म्याच्या आत गेलं आणि आमचं तासाभरात निम्मं जायचं, कारण आमचे गडी भुसा घालण्यातही कंजुषी करायचे.

पुढच्याच वर्षी, 1834 ला, बर्फ मुंबईला आला. मुंबईत बर्फ ठेवायला खास गोल घुमटाचं 'आईस हाऊस' बांधलं, लोक त्याला बर्फखाना म्हणत. आज त्या जागी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. मद्रासचा बर्फखाना अजून समुद्रकाठी उभा आहे. स्वामी विवेकानंद 1897 ला तिथं राहिले होते म्हणून आता त्यांच्या नावानं ओळखला जातो. मुंबईचे शेठ जमशेटजी जीजीभाई यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम वाढलं, आणि नंतर यजमान-पाहुण्यांना पडसं झालं अशी बातमी छापून आली, असं मुंबईच्या इतिहासात सांगतात. आमची आजी ही बातमी ऐकायला पाहिजे होती. आईस्क्रीमनं पडसं होतं यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास.

यात एक गोष्ट मला सारखी टोचते, ती इथं सांगून टाकतो. साहेबाला गार पेय मिळावं म्हणून कंपनी सरकारनं बाहेरनं येणाऱ्या बर्फावरची जकात माफ केली होती. रात्रीसुद्धा जहाज उतरवायची परवानगी दिली. आणि मिठावर? मिठावर कर चालूच. आपल्याच समुद्राचं मीठ, गोरगरिबाच्या भाकरीबरोबरचं, त्यावर कर. तो मोडायला 1930 साल उजाडावं लागलं. गांधीजी दांडीला गेले, आपल्याकडं शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आईस्क्रीमला बर्फही लागतो आणि मीठही लागतं. त्यातलं श्रीमंताचं ते माफ आणि गरिबाचं त्यावर पट्टी, हा हिशोब मी दहावी शिकलेला माणूस आहे तरी मला कळतो.

ते असो. 1878 ला कलकत्त्यात यंत्रावर बर्फ करणारी कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचा बर्फ बंद पडला. मग गावोगावच्या तालुक्यांना कारखाने झाले. वाड्यावरचा पॉट, तोही अमेरिकेचाच शोध. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईनं 1843 साली हँडल फिरवायच्या पॉटचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी काय करत? तर बर्फ-मिठात डबा ठेवून तो हातानं इकडून तिकडं फिरवत, मधेमधे झाकण काढून कडेचं खरवडत, परत फिरवत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण ते मी केलेलं होतं. पुस्तक न वाचता, नववीत असताना.

आमच्या हायस्कूलात विज्ञानाच्या सरांनी शीतमिश्रण शिकवलं होतं. बर्फात मीठ घातलं की बर्फ वितळायला लागतो, वितळायला त्याला उष्णता पाहिजे, ती तो शेजाऱ्याकडनं ओढून घेतो, आणि शेजारी गोठतो. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही, मीठ घातलं की पार उणे वीस-एकवीसपर्यंत जाता येतं. एका पोरानं विचारलं, "सर, करून दावा की." सर म्हणाले, "बर्फ कुठनं आणू रे बाळा?" आणि त्यांनी फळ्यावर खडूनं बर्फाचे खडे काढले, त्यावर खडूनंच मीठ टाकलं. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

1975 चा एप्रिल. आमच्या आण्णांनी सोसायटीचं कर्ज काढून एक एकर द्राक्षबाग लावली होती. दगडी खांब, तारेचा मांडव, थॉमसन. बाग तिसऱ्या वर्षात आलेली. व्यापारी सौदा करून, हातावर विसार ठेवून गेला होता. तोड दोन दिवसांवर आलेली. त्या दिवशी दुपारी उन्हाची तलखी अशी होती की कुत्री पाण्याच्या डोणीत जाऊन बसली. चारच्या सुमारास मावळतीकडनं आभाळ भरून आलं. काळं नव्हे, हिरवट. आजी ओट्यावरनं म्हणाली, "ह्ये पावसाचं आभाळ न्हवं." तिनं आतनं विळा आणून अंगणात टाकला. गारा पडायला लागल्या की लोखंड टाकायचं, म्हणजे थांबतात, अशी तिची समजूत. लोखंड अंगणात पडलं आणि पहिली गार पत्र्यावर पडली, दोन्ही आवाज बरोबरच झाले.

दहा-बारा मिनिटं. जास्त नाही. पण लिंबाएवढ्या गारा होत्या. शेळी बांधलेली होती ती ओरडून ओरडून गप झाली. थांबल्यावर बाहेर आलो तर सगळं अंगण पांढरं. परसात पांढरं, उकिरडा पांढरा. मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एवढा बर्फ बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझी बहीण आणि चुलतभाऊ तर नाचत होते. आण्णा आमच्याकडं न बघता बागेकडं पळत गेले. आई त्यांच्या मागनं.

मला एकदम सरांचा फळा आठवला.

घमेली घेतली, पाट्या घेतल्या आणि आम्ही तिघांनी गारा गोळा करायला सुरवात केली. कणगीच्या मागं भुसकटाचा ढीग होता, त्यात खळगा करून गारा ओतल्या, वर परत भुसकट आणि वर पोतं. आजी म्हणाली, "काय करताय रं?" म्हटलं, "आईस्क्रीम." तिला वाटलं चेष्टा करतोय. पण तिनं हाणलं नाही, हे खरं. दूध होतं. ओढ्याला पाणी आलं होतं, दुधाची गाडी पलीकडंच अडकली होती आणि संध्याकाळचं तीन लिटर म्हशीचं दूध घरातच राहणार होतं. आजीनंच ते चुलीवर ठेवलं. नासण्यापेक्षा आटलेलं बरं, असं म्हणाली. साखर डब्यात दीड वाटी होती, ती सगळी घातली. दूध आटवून पाण्यात ठेवून गार केलं. गरम दूध बर्फात ठेवलं की बर्फ फुकट जातो, हे सरांनी सांगितलं नव्हतं, वाड्यावर बघितलं होतं.

पॉट कुठला? कडीचा पितळी डबा घेतला, आतनं कल्हई केलेला. मोठ्या बादलीत तळाला गारा, वर मूठभर मीठ, मधे डबा, मग भोवतीनं तीन घमेली गारा आणि एक घमेलं मीठ असं अंदाजानं. लोणच्यासाठी आणलेलं मीठ सगळं गेलं. मग डब्याची कडी धरून अर्धा फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं. कडी हाताला चिकटायला लागली तशी बहिणीनं फडकं आणलं. चुलतभावानं पैज म्हणून मिठातल्या गारा मुठीत धरल्या, त्याच्या तळहाताला पुढं दोन दिवस भाजल्यासारखा फोड होता. म्हणून सांगतो, आजही पोरांना त्या मिश्रणात हात घालू देऊ नका. दर थोड्या वेळानं झाकण काढून कडेला धरलेलं उलथन्यानं खरवडून मधे घ्यायचो. पाऊण तास लागला. शेवटी डबा फिरेना, आत जड झालं, आणि माझ्या हाताला ते कळलं. ते कळणं वाड्यावर शिकलो होतो.

तेवढ्यात आई आली. पदर डोक्यावरनं सुटलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तिनं आमच्याकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, साखरेचा रिकामा डबा बघितला आणि माझ्या थोबाडीत दिली. "बागेत एक घड ऱ्हायला न्हाई आणि तुमास्नी खेळ सुचतोय?" मी रडलो नाही. मला तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. पोराला गार म्हणजे गार, द्राक्षाला ती काय आहे हे मला त्या थोबाडीनं कळलं.

बागेत काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी बघितलं. मणी फुटून रस खाली गळत होता, माश्या घोंगावत होत्या, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे काड्यांना गारांचा मार बसला होता. काडी जखमी झाली की पुढच्या सालचं पीकही जातं. म्हणजे एका पावात दोन वर्षं गेली.

आण्णा दिवेलागणीनंतर आले. ओट्यावर भिंतीला टेकून बसले. कुणी काही बोलेना. बहीण हळूच म्हणाली, "वर चार द्राक्षं घालून देऊ का आण्णास्नी?" आजी तिच्यावर डोळे वटारून म्हणाली, "द्राक्षं नगं. त्यास्नी आज द्राक्षं दावू नगा." मग आजीनंच वाटीत आईस्क्रीम काढलं आणि लेकाच्या पुढं ठेवलं.

आण्णांनी बोटानं चाखलं. "काय हे?"

"आईस्क्रीम," मी म्हणालो.

"बर्फ कुठला?"

मला बोलवेना. आजी म्हणाली, "आभाळातला."

आण्णा वाटीकडं बघत राहिले. कंदिलाच्या उजेडात ते पांढरं हळूहळू कडेनं पाणी होत होतं. मला वाटलं आता वाटी अंगणात जाणार. आण्णांनी ती उचलली आणि सगळी खाल्ली. बोटानं पुसून खाल्ली. मग विचारलं, "गारा शिल्लक हायत का रं?"

"हायत. भुसकटात ठेवल्यात."

"मग उद्या परत करा. दुधाची गाडी उद्याबी यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी केलं. भुसकटात निम्म्याहून जास्त गारा टिकल्या होत्या. साखर संपल्यामुळं गूळ घातला. गूळ गरम दुधात घातला तर दूध फाटतं, म्हणून पाण्यात विरघळवून, गाळून, पार गार झाल्यावर मिसळला. तांबूस झालं, पण चांगलं झालं. आईनंही खाल्लं. गल्लीतली पोरं दारात उभी होती, त्यांना आईनंच बशीत वाढलं. वाड्यावरचं एक पोरगंही त्यात होतं. त्याला चमचाभर नाही, वाटीभर दिलं.

विसार परत द्यावा लागला. सोसायटीचं कर्ज थकलं, म्हैस विकली. त्याच साली मॅट्रिक अकरावीची बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा झाली होती. आमची पुढच्या सालची, दुसरी बॅच. मी दहावी पास झालो. सर घरी आले होते, याला कॉलेजला घाला म्हणून सांगायला. आण्णा म्हणाले, "सर, मला एक हात पायजे रानात." मी गेलो रानात. त्याचं कुणावर गाऱ्हाणं नाही. बाग पुन्हा धरायला चार वर्षं गेली. 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली तेव्हा माझा मुलगा बागेच्या बांधावर बसला होता, आण्णांसारखाच, तसाच टेकून. तेव्हा घरात फ्रीज होता. गारा कुणी गोळा केल्या नाहीत.

नातवंडांना मी यंदा डब्याची रीत दाखवली. पिशव्यांचा खर्च नाही आणि कचरा नाही. लहान स्टीलचा फिरकीचा डबा, त्यात दूध निम्म्याच्या वर नाही, कारण गोठताना ते फुगतं. तो मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात किंवा बरणीत, भोवतीनं फोडलेला बर्फ तीन वाट्या, मीठ एक वाटी. झाकण लावून, कापडात गुंडाळून अंगणातल्या उतारावर गडगडत सोडायचा. एकानं वरनं सोडायचा, दुसऱ्यानं खाली पायानं अडवून परत ढकलायचा. वीस मिनिटांनी उघडून एकदा खरवडायचं, परत दहा मिनिटं. दाट साईचं दूध असेल तर मऊ होतं, पातळ दुधाचे खडे होतात. आंबा घालायचा असेल तर रस आधी गार करून घ्यावा. कुल्फी पाहिजे असेल तर हलवायचंच नाही. कुल्फीवाला मडक्यात तसंच करतो, साच्यांची तोंडं कणकेनं बुजवून बर्फ-मिठात नुसती पुरून ठेवतो.

धाकट्यानं झाल्यावर ते खारं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतायला उचललं. मी ओरडलोच. त्या वर्षी आम्ही तसंच केलं होतं, पहिल्या दिवसाचं पाणी परसातल्या शेवग्याच्या बुडात ओतलं आणि महिन्यात झाड वाळलं. दुसऱ्या दिवसाचं मात्र आजीनं ओतू दिलं नाही. लोणच्याचं मीठ गेलेलं तिला माहीत होतं. तिनं ते पाणी फडक्यानं गाळून परातीत घेतलं आणि पत्र्यावर उन्हात ठेवलं. चार-पाच दिवसांनी परातीत मीठ उरलं, थोडं मळकट. ते म्हशीच्या अंबोणात घालून संपवलं, म्हैस विकेपर्यंत.

आता आमच्या पत्र्यावर पुन्हा परात आहे. धाकटा रोज सकाळी चढून बघतो, किती मीठ झालं ते.